नारळाच्या बुंध्याशी ओतलेलं दूध

आत्या,

आज शुक्रवार, बावीस ऑगस्ट, सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत आणि मी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत बसलो आहे. दोन बाटल्या, दोन रबरी निपलं, एक चिमटा. पाण्याला उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं मोजायची असतात, मी बारा मोजतो. तेवढ्या वेळात लिहीन असं ठरवून वही घेतली आहे, पण मला माझं माहीत आहे, पाणी निवेल तरी हे संपणार नाही.

तुला जाऊन तेरा वर्षं झाली. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि नववीत नापास होऊन घरी बसलो होतो. आता मी मोठ्या बाजारापाशी काष्ठौषधींच्या दुकानात आहे. मुळ्या, साली, चूर्णं तोलून पुड्या बांधतो, पुड्यांवर नावं लिहितो. मालक म्हणतात, माझ्या पुडीत एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. जाण्याआधी त्यांनी तुला दिलेला शब्द पाळला. तुझी मुलगी आता माझी बायको आहे आणि आम्हाला चार महिन्यांचा मुलगा आहे. म्हणजे तू माझी सासू झालीस, बाळाची आजी झालीस, आणि माझी आत्या होतीसच. एवढी नाती एका बाईशी असूनही तिला पत्र लिहायची वेळ ती गेल्यावर येते.

देवनागरीत लिहितो आहे. तूच शिकवलीस. घरात सगळे मराठी बोलायचे आणि तमिळ लिहायचे. तुला ते आवडायचं नाही. संध्याकाळी सहा वाजले की पाटी, आणि तुझ्या हातात कढई खरवडायचं उलथनं. वेलांटी चुकली की बोटांच्या पेरांवर एक. "बोंडल्याचा तो बोंडल्याचाच," तू म्हणायचीस, "दुधाबरोबर येते ती अक्कल. चांदीच्या चोचीतून काय येणार, कपाळ!" तुझी मुलगी शेजारी बसून शेंगा सोलायची. तिला तू अक्षरं शिकवली नाहीस. मुलीला काय करायची आहेत, म्हणालीस. त्यामुळे आज या घरात हे पत्र वाचू शकणारं माझ्याशिवाय कोणी नाही.

मला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी आई गेली आणि मी बोंडल्यावर वाढलो, एवढंच मला लहानपणापासून सांगितलेलं होतं. ते बोंडलं आईच्या माहेरून आलेलं, चांदीचं, लहान शंखाएवढं, एका बाजूला चोच. तू त्यातून मला गाईचं दूध पाजलंस, पाणी घालून. याबद्दल मी तुझे उपकार मानावेत असं सगळे म्हणत आणि मी मानत होतो. तुझ्या नवऱ्यानं मद्रासला दुसरं घर केलं, तू पोटुशी भावाच्या घरी परत आलीस, आणि आल्या आल्या तुझ्या गळ्यात भावजयीचं पोर पडलं. मी आजारी पडलो की बोंडलं, धावण्यात मागे राहिलो की बोंडलं, गणितात पस्तीस पडले की बोंडलं. तुझी मुलगी माझ्यापेक्षा चाळीस दिवसांनी लहान, पण उंचीनं नेहमी चार बोटं वर. "बघ," तू म्हणायचीस, "अंगावरची ती आणि हा वरच्या दुधाचा. वेगळं सांगायला नको."

माझ्या मुंजीचा दिवस तुला आठवत असेल. मी आठ वर्षांचा आहे. मातृभोजनाला आईच्या पानात बसून शेवटचं जेवायचं असतं. आई नाही म्हणून तू बसणार आहेस. मला त्याचा आनंद झाला आहे, खरंच झाला आहे, कारण तुझ्या पानात मी कधीच जेवलो नव्हतो. पन्नास-साठ माणसं भोवती आहेत. तू पानावर बसतेस, पदर सारखा करतेस, आणि कनवटीचं बोंडलं काढून पानाच्या मधोमध ठेवतेस. "याची आई ही," तू म्हणतेस, "मी कशाला मध्ये? घे रे, जेव तिच्याबरोबर." सगळे हसतात. भटजीही हसतात. कोणीतरी त्यात थोडं दूध ओततं. मी ते पितो, कारण नाही प्यालो तर अजून हसतील असं मला वाटतं. तुझी मुलगी तेवढी हसली नाही. तिला विनोद कळला नसावा, असं तेव्हा वाटलं होतं.

आणि तू गेलीस तो आठवडा. पोटातल्या गाठीमुळे तुझ्या घशाखाली फक्त पातळ उतरत होतं. चमच्यानं पेज सांडायची म्हणून तुझ्या मुलीनं बोंडलं आणलं. तू तोंड फिरवलंस. "ते नको. ते त्याचं आहे." शेवटपर्यंत चमच्यानंच प्यालीस, अर्धी पेज मानेवरून उशीत जायची. मी बाजूला फडकं घेऊन उभा असायचो.

लग्नाला पुण्याकडचे लांबचे नातेवाईक आले होते. त्यांतल्या एक बाई जेवताना म्हणाल्या, "आत्याची मुलगी? अहो, आमच्यात मामाची चालते. आत्याची म्हणजे बहीणच की!" बाबा म्हणाले, "आम्ही इथं तमिळ मुलुखात साडेतीनशे वर्षं आहोत, वहिनी. इथल्या भाताबरोबर इथल्या रीतीही खातो." त्या बाईंनी रस्सम वाढून घेतलं आणि विषय संपला. मला तेव्हा एवढंच सुख होतं की मुलगी ओळखीची होती. लग्नापर्यंत ती मला अरे-तुरे करायची, लग्नानंतर अहो-जाहो करू लागली. पहिले काही दिवस दोघांनाही हसू यायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तिचं माहेर आणि सासर हेच घर, म्हणून सातव्या महिन्यात ती पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेली. मीच ट्रंक उचलून नेली. मुलगा एप्रिलच्या शेवटी झाला, दोन किलो आठशे पन्नास ग्रॅम. दवाखान्यातून घरी आणताना मी मनाशी ठरवलं होतं की हा बोंडल्याचा होणार नाही. बाटलीचाही नाही, डब्याचाही नाही. तेच मी बायकोला सांगितलं. तिलाही तेच हवं होतं, त्यामुळे पहिले आठ दिवस आम्ही एका बाजूला होतो.

दूध कमी होतं. मी दुकानातून शतावरी आणली, मेथी, बाळंतशेपा, बाळंतिणीचं लेह्य. एकेक पुडी तोलून, वर वेळ लिहून. ती सगळं घ्यायची. तिच्या अंगाला मेथीचा वास येऊ लागला. दहाव्या दिवशी मी मालकांना विचारून दुकानातला जुना वजनकाटा घरी आणला. तो पाच-पाच ग्रॅमनं वाढतो. त्यावर धोतराची घडी घालायची, काटा शून्यावर आणायचा, पाजण्याआधी बाळाला ठेवायचं, पाजून झाल्यावर पुन्हा ठेवायचं आणि वजाबाकी करायची. जेवढा फरक तेवढं दूध पोटात गेलं. मला गणित येत नाही असं तू म्हणायचीस, पण ही वजाबाकी मी दिवसातून आठ वेळा न चुकता केली. पंधरा ग्रॅम. दहा. वीस. एकदा काहीच नाही. आकडा मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. मला वाटायचं, कळलं तर ती अजून प्रयत्न करेल. पुढे पुढे ती मी आकडा वाचायच्या आत डोळे मिटून घ्यायची.

बाळाला न्हाऊ घालायला म्हातारी पाट्टी यायची. तीच, जिनं आम्हा दोघांना न्हाऊ घातलं. आता सत्तरीच्या पुढे आहे, पाठ वाकली आहे, हात अजून तसेच लोखंडी. मराठी समजते, बोलते तमिळच. अठराव्या दिवशी तिनं बाळाला पायांवर पालथं घातलं, तेल लावलं, गरम पाणी ओतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तंबी, हे पोर न्हाताना रडत नाही. मला न रडणारं पोर आवडत नाही."

"शांत आहे स्वभावानं," मी म्हणालो.

"शांत देवळातला नंदी असतो. हे उपाशी आहे. डबा आण."

"डबा येणार नाही. मी वरच्या दुधावर वाढलो, पाट्टी. माझं काय झालं ते बघतेस ना?"

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "काय झालं? दोन हात, दोन पाय, बायको, पोर. शेपूट राहिलं का?" मग ती हसायला लागली. हसता हसता तिनं बाळाला उताणं केलं, नाकात फुंकर घातली आणि सांगितलं. मी तिचं बोलणं मराठीत करून, पण जसंच्या तसं लिहितो.

"तुझी आई गेली हे खरं. पण चाळीस दिवसांनी तुझ्या अत्तैला पोरगी झाली की नाही? अरे, या घरात दुधाची विहीर होती. पोरगी एका बाजूला प्यायची तेव्हा दुसरी बाजू आपोआप गळायची. चोळी भिजायची, लुगडं भिजायचं. मी म्हटलं, बाई, ते पोर तिकडं तोंड वासून पडलंय, त्याला घे की जवळ. घेईना. तू तिच्या मांडीवर आलास की वासानं मान फिरवायचास, तोंड घासायचास, तेव्हा छातीला पंचा घट्ट गुंडाळून बसायची. आणि पितळी वाटीत पिळून माझ्या हातात द्यायची. 'नारळाच्या बुंध्याशी ओत, पाट्टी. पायाखाली यायचं नाही.' रोज ओतलंय मी. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी."

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? एका अंगावर प्यालात की भाऊ-बहीण! मग पोरगी कोणाला दिली असती? बापानं टाकलेली, हुंड्याला दमडी नाही. दोन महिन्यांच्या पोराकडे बघून जावई ठरवणारी बाई मी सबंध आयुष्यात एकच पाहिली." तिनं बाळाच्या डोक्यावर शेवटचा तांब्या ओतला. "हुशार बाई होती. तू मेला असतास तर मात्र अस्कं, सगळं वाया गेलं असतं. तेही तिला म्हटलं होतं मी. म्हणाली, मरायचा नाही, चिवट आहे."

आत्या, मी त्यानंतर परसात गेलो आणि नारळ पाहून आलो. अजून चांगला धरतो. तू आल्यागेल्याला त्याचं पाणी द्यायचीस, या नारळाला वेगळीच गोडी आहे म्हणायचीस. मीही प्यालो आहे.

मग मी मागच्या खोलीत गेलो. तुझी मुलगी भिंतीला टेकून बसली होती, चोळी उघडी, बाळ यायची वाट बघत. तिला मी सगळं सांगितलं. हळू सांगता आलं असतं. "माझ्या वाटचं तू प्यालीस," मी म्हणालो. "माझ्यासमोर प्यालीस आणि उरलेलं झाडाला घातलं. निदान आता माझ्या मुलाला तरी दे."

तिनं चोळीची गाठ मारली. मग म्हणाली, "मी तेव्हा तान्ही होते. तुम्ही मागायला आला होतात आणि मी नाही म्हटलं, असं झालं का?"

"मला माहीत नाही काय झालं. दूध कुठे गेलं ते माहीत आहे."

"मग झाडाला जाऊन सांगा," ती म्हणाली.

तेव्हापासून मी दुकानातून दुपारीही घरी येऊ लागलो. पाजताना दारात वही घेऊन बसायचो. डोळा लागला तर उठवायचो. बाळ झोपलेलं असेल तरी तोंडाला लाव म्हणायचो. पाट्टीला सांगितलं, न्हाऊ घाल आणि जा. बाळ रडत नाही याचा मला मनातून अभिमानही वाटू लागला होता. उपाशी पोर इतकं शांत झोपेल कसं, असं मी मालकांना म्हणालोही. ते पुडीला दोरा गुंडाळत राहिले. ते बालब्रह्मचारी आहेत.

बाविसाव्या दिवशी दुपारी मी वजाबाकी केली तर पंचेचाळीस ग्रॅम आले. मी पुन्हा काटा शून्यावर आणून पाहिला. पंचेचाळीसच. आत्या, मी नाचायचा बाकी होतो. बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणालो, "शतावरी लागू पडली बघ. मी म्हणत नव्हतो?" ती मान खाली घालून चादरीची कड चाचपत राहिली. संध्याकाळी मी तांदूळ काढायला गेलो तर पिंपामागे डबा. पावडरचा, चारशे ग्रॅमचा, वरचं कागदी झाकण फाडलेलं, आत दोन चमच्यांएवढा खड्डा. पाट्टीनं पदराखालून आणला होता, स्वतःच्या पैशानं. आधीचं वजन घेऊन मी जेवायला गेलो होतो, तेवढ्यात चमच्यानं पाजलं होतं.

मी डबा घेऊन परसात आलो. कुठे टाकावा हा प्रश्न पडला. केराच्या बादलीत दूध टाकू नये, मोरीत टाकू नये, पायाखाली येऊ नये, हे मला तूच शिकवलेलं. म्हणून मी तो नारळाच्या बुंध्याशी उपडा केला. पांढरी रास झाली. वर एक तांब्या पाणी ओतलं, तर त्याचं दूध होऊन मातीत जिरू लागलं. बायको बाळाला खांद्यावर घेऊन मागच्या दारात उभी होती. तिनं मला अडवलं नाही, ओरडली नाही. "आई गं," एवढंच म्हणाली. तिनं तुला हाक मारली की नुसताच शब्द निघाला, मला माहीत नाही. सकाळी तिथे मुंग्यांची रांग लागली होती.

चोविसाव्या दिवशी सकाळी बाळाला काट्यावर ठेवलं तेव्हा दोन किलो तीनशे ऐंशी भरलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. दुपटं आदल्या संध्याकाळपासून कोरडं होतं. तळपायाला टिचकी मारली तर त्यानं पाय ओढून घेतला नाही. पाट्टी न्हाऊ घालायला आली, तिनं त्याचं तोंड उघडून बोट घातलं, आणि मला म्हणाली, "रिक्षा आण, कसाया."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं आमच्याएवढ्याच. त्यांनी बाळाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली, ती उभीच राहिली. पायाला शीर सापडेना, डोक्याला सुई लावावी लागली. मग त्यांनी पेन घेतलं आणि विचारलं, कधीपासून असं आहे. मी वही पुढे केली. दहाव्या दिवसापासूनची वही, तारीख, वेळ, आधी, नंतर, फरक, शाईच्या रेघा मारलेल्या. त्यांनी पानं उलटली. अगदी शेवटपर्यंत उलटली. "इतकं नीट लिहिलंय," त्या म्हणाल्या. "एकदा वाचायचं तरी होतं." मग विचारलं, "वरचं दूध कोणी देऊ दिलं नाही?"

मी बायकोकडे पाहिलं. फक्त पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही मग तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. इंग्रजी मला थोडं येतं. आईनं नकार दिला, असं लिहिलं होतं.

वॉर्डातली नर्स वयस्कर होती, जिभेनं तिखट. सहा खाटा, सहा बाळंतिणी, त्यांच्या सासवा, आया, सगळ्यांसमोर ती तुझ्या मुलीला म्हणाली, "अंगात दूध नाही पण हट्ट भरपूर आहे! पोरापेक्षा तुला तुझी छाती मोठी झाली काय गं? तोंड वर करून बघ, किती नळ्या लावल्यात ते मोज." शेजारच्या खाटेवरची सासू म्हणाली, "हल्लीच्या पोरी, काय सांगायचं." तुझी मुलगी तोंड वर करून नळ्यांकडे बघत राहिली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तिनं एकदाही माझं नाव घेतलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या आठ दिवसांतही नाही. मी वाट बघत होतो की ती सांगेल. तिनं सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, आता तोंडानं पाजून बघू, बाटली नको, घरी शंखासारखं असतं ते आहे का? मी टाऊन बसनं घरी गेलो. बोंडलं देवघराच्या खालच्या फळीवर, फडक्यात. काळं पडलं होतं. चिंचेनं घासलं, उकळलं, रुमालात बांधून आणलं. बायकोनं ते माझ्या हातून घेतलं नाही. नर्सनं घेतलं. बाळाला मांडीवर तिरपं धरून तिनं चोच खालच्या ओठाला लावली आणि एक थेंब सोडला. तो बाहेर आला. दुसरा बाहेर आला. सात थेंब हनुवटीवरून गळ्यात गेले, आठवा त्यानं गिळला. नर्स म्हणाली, "चिवट आहे."

नवव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरीणबाई तुझ्या मुलीला म्हणाल्या, अंगावरही लावत राहा, वरचंही द्या, दोन्ही चालतं, थोडं थोडं करून अजूनही येईल. त्या आता तिच्याशी मऊ बोलत होत्या. ती म्हणाली, "नको. पुरे झालं वजन." त्यांना ते कळलं नसावं. घरी येताना रस्त्यात रिक्षा थांबवून ती स्वतः उतरली, औषधाच्या दुकानातून दोन बाटल्या घेतल्या, आणि परत बसताना मला म्हणाली, "सरक." लग्नानंतर पहिल्यांदा अरे-तुरे. तेव्हापासून तेच आहे. जेवायला वाढते, कपडे धुते, विचारलेल्याचं उत्तर देते. पावडर मला मोजू देत नाही. सपाट चमचा, सुरीच्या पाठीनं निपटून, ती स्वतः मोजते, माझ्याकडे पाठ करून. मला बाटल्या उकळायला दिल्या आहेत. बाळ आता सहा किलोला आलं आहे, असं पाट्टी म्हणते. घरातला काटा मी परत केला.

मी तुला हे विचारायला बसलो होतो की वाटी भरून देताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस का. उकळीची बारा मिनिटं केव्हाच झाली, पाणी निवलं, ती येऊन बाटल्या घेऊन गेली, आणि मला आता ते विचारावंसं वाटत नाही. तू मला जे बोललीस ते पन्नास माणसांत बोललीस, तोंडावर बोललीस. मी तेही केलं नाही. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाला तो दवाखान्याचा कागद टाचलेला आहे. दर वेळी नवीन नर्स तो वाचते, वर बघते, आणि दोन शब्द तिला सुनावते. मागच्या बुधवारी तिसरी वेळ होती. मी शेजारी टोपी आणि दुपटं धरून उभा होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "लस कोणत्या पायाला?"

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगितलं असं होत नाही, कारण हे कुठे पाठवायचं नाही. वजनांच्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिलं आहे. वही फळीवर उघडी ठेवली तरी चालते. तिला यातलं एक अक्षर येत नाही.

झालेला खर्च असा. दवाखान्यात बाहेरून आणलेली औषधं आणि तपासण्या, तीन हजार आठशे चाळीस. बाटल्या दोन, तीनशे साठ, ते तिनं दिले. डबे आजपर्यंत वीस, एकाला चारशे वीसप्रमाणे आठ हजार चारशे. देणं असं. मालकांकडून उचल पाच हजार, पैकी दोन हजार पगारातून कापले. पाट्टीच्या डब्याचे चारशे वीस. ते तिनं दोनदा मोजून घेतले आणि कनवटीला लावले. वीस डब्यांपैकी आठ मी आणले, बारा तुझ्या मुलीनं ब्लाउज शिवून आलेल्या पैशांतून. बाराचे पाच हजार चाळीस. बाटल्यांसकट पाच हजार चारशे. तीन वेळा तिच्यापुढे धरले. ती घेत नाही.